निळं दिसतंय तोवर

नाही, नाही, मी सांगतो ते ऐका, हा हिरवा स्टोव्ह घ्या, मिलिटरीचा. तो छोटा खाली ठेवा. ठेवा म्हणतो ना. आणि आत या ताई, दारात उभ्या राहू नका — त्या पडद्यावर पाय पडला तरी चालेल, द्या खुशाल, फेकायचाच आहे तो. सकाळी ओढून काढला मी, दांडीसकट खाली आला, भिंतीचा पोपडाही निघाला थोडा. असू दे. तर काय म्हणत होतो — हां. लोकांना वाटतं, मिलिटरीचा म्हणजे जुना, कुठल्यातरी शिपायाने आपटलेला, धोपटलेला. आहेच तो जुना. हा बघा, इथे पोचा आहे, रंग उडालाय, आणि झाकणावर कुणीतरी खिळ्याने रेघा मारल्यात, सतरा आहेत, मी मोजल्यात — सुट्टीचे दिवस मोजत असणार बिचारा. पण पत्रा बघा. वाजवून बघा. असा पत्रा आता कोण वापरतं? कोणी नाही. वजन? वजन आहे, खोटं कशाला बोलू, पातेल्यासकट किलोच्या वर जातं. चढावर जीव नकोसा होतो. होऊ दे. पाठ दुखेल, दुखू दे, पाठ दुखून कोणी —

एक मिनिट हं. फोन बघतो फक्त. नाही, काही नाही. बोला तुम्ही. म्हणजे, मीच बोलतो.

फरक काय विचारताय ना? बरोबर आहे, विचारायलाच पाहिजे, लोक विचारत नाहीत हेच तर — बघा. बर्नर दोन्हीकडे तोच. हा पितळी, लहान वाटीएवढा, कडेने भोकं. यात स्पिरिट ओतायचं, काडी लावायची, झालं. पंप नाही, पिन नाही, गॅसची टाकी नाही, बिघडायला आत काही नाहीच मुळी. शिपायाचा असो की सहलीला जाणाऱ्याचा, बर्नर हाच. फरक सगळा त्याच्या भोवतीच्या कपड्यांचा. ह्या छोट्याला तीन पाय, वर पातेलं, मध्ये बर्नर उघडा, चारी बाजूंनी मोकळा. सॅकमध्ये टाकला तर आहे की नाही कळत नाही. आणि मिलिटरीच्याला हा उंच पत्रा, भोकाभोकांचा, वारा अडवायला — बर्नर याच्या पोटात बसतो. म्हणजे काय झालं? स्पिरिट संपलं आणि परत घालायचं, तर आधी पातेलं उतरवा, मग पत्रा काढा, मग बर्नर हातात घ्या. गरम असला तर चटका बसतो. बसला की माणूस हात मागे घेतो. आलं लक्षात? घाईघाईत बाटली तिरकी करून ओतताच येत नाही यात. ज्याने बनवला त्याला माहीत होतं, दमलेला, भुकेला, झोप न झालेला माणूस कसा वागतो ते. छोटा ज्याने बनवला त्याने फक्त वजन बघितलं. आणि मी तर काय — माझं राहू द्या.

ते? ते काही नाही, परत आलेला माल आहे. कागद उघडू नका — ताई, हात नका लावू म्हटलं ना त्याला. द्या इकडे. माफ करा हं. असा आवाज चढवत नाही मी गिऱ्हाइकावर, पंचवीस वर्षं दुकान चालवतोय, विचारा गल्लीत कुणालाही. काळं झालंय ते, हात भरतील तुमचे, म्हणून म्हटलं. इथे खाली ठेवतो, पायाशी. दिसायला नको.

पेटवून दाखवू? कुणी सांगितलं तुम्हाला, इथे पेटवून दाखवतात म्हणून? तुमच्या ऑफिसातल्या बाई. त्यांनी माझ्याकडूनच नेला का? कुठला, छोटा? असं. आणि त्या — बऱ्या आहेत ना? म्हणजे, येतात ना रोज ऑफिसला? आज आल्या होत्या? तुम्ही स्वतः बघितलं त्यांना? बरं. बरं झालं. नाही हो, सहज विचारलं, जुन्या गिऱ्हाइकाची चौकशी करतो मी.

हो, दाखवायचो पेटवून. बारा वर्षं दाखवतोय. ती मागची खोली दिसतेय ना, जिथे तंबू रचलेत — तिला खिडकी नाही. दाराला हा पडदा होता, काळा, दोन पदरी. बायकोने शिवलेला. तंबूंची शिलाई सगळी तीच करते, ते बघा मशीन, खिडकीपाशी. फाटलेले तंबू, सॅकचे पट्टे, उसवलेल्या चेन, लोक लांबून घेऊन येतात तिच्याकडे. जाड कापड असतं, सुई मोडते दुसऱ्या कुणाची, ती आपली उजव्या हाताने असं सरकवत राहते, सरकवत राहते, आणि तोंडाने मला नावं ठेवत असते. तर पडदा. गिऱ्हाइकाला आत घ्यायचं, पडदा सोडायचा, मिट्ट काळोख, आणि काडी लावायची. आधी काही नाही, आणि मग एकेका भोकातून निळी ज्योत, गोल, शांत. लोक गप्प होतात ताई. आडमुठं गिऱ्हाईकसुद्धा गप्प होतं. आणि मग मी माझं वाक्य टाकायचो — 'निळं दिसतंय तोवर चालू. निळं गेलं की संपलं, मग घाला बिनधास्त.' बारा वर्षं एकच वाक्य. झोपेतून उठवून विचारा, हेच म्हणेन. आणि बाहेर आलं की गिऱ्हाईक स्टोव्ह घेऊनच जायचं. नुसता शेल्फवरून दाखवला तर दहातले आठ विचार करून सांगतो म्हणतात, पडद्यामागे नेला की दहातले नऊ घेतात.

उन्हात निळं दिसत नाही, ताई. उन्हात काहीच दिसत नाही. धूर नाही, आवाज नाही, भडका नाही. जळत असतो आणि वाटतं, विझला. आणि डोंगरावर स्टोव्ह कोण कधी पेटवतं? दिवसाच पेटवतं, उन्हातच पेटवतं. काळोख्या खोलीत कोण जातं तिथे? मीच आहे काळोख्या खोलीवाला.

माहीत नव्हतं का? बघा, तुम्ही विचारलं नाहीत पण तुमच्या तोंडावर दिसतंय. माहीत होतं. खोक्यात कागद येतो, त्यावर चित्र असतं, ऊन काढलेलं आणि हातावर फुली. मी ते कागद काढून टाकायचो, म्हटलं उगाच गिऱ्हाईक बिचकतं. मी स्वतः शेवटचा तंबूत राहिलो त्याला किती वर्षं झाली असतील? वीस. लग्न नवं होतं. संध्याकाळी पेटवलेला, छान दिसत होता. माहीत असलेली गोष्ट माणूस मागे मागे सरकवत नेतो आणि मग ती दिसेनाशी होते, तसं झालं बघा. नाही, हेही खोटं. पडदा सोडला की माल जात होता. एवढंच झालं.

किती वाजले तुमच्या घड्याळात? पावणेएक? माझ्यात पण पावणेएक. बरोबर आहेत मग दोन्ही.

आज सकाळी दहाला मास्तर आले. शाळेत विज्ञान शिकवतात, बघा आता, विज्ञान. मागच्या महिन्यात नेला होता छोटा. आले तेव्हा मी ओळखलंच नाही, चेहरा कसातरीच दिसत होता, मग लक्षात आलं, भुवया नाहीत. एक हात पट्टीत. ते कागदातलं पुडकं काउंटरवर ठेवलं आणि म्हणाले, 'तुम्ही मला निळं दाखवलं होतं.' रागावले नाहीत हो. रागावले असते तर बरं झालं असतं, मीही चार शब्द बोललो असतो. म्हणाले, दुपार होती, निळं दिसेना, वाटलं संपलं, बाटली धरली वर आणि ओतलं. ज्योत धारेवरून वर चढली. पण बाटलीला ते स्प्रिंगचं झाकण होतं ना — हे असं, दाबलं तर थेंब थेंब येतं, सोडलं की मिटतं — दचकून हात सुटला, झाकण मिटलं, आग आत गेली नाही. बाहेर जेवढं सांडलं तेवढंच पेटलं. म्हणाले, 'साधी बाटली असती तर मी आज तुमच्यासमोर उभा नसतो.' आणि निघून गेले. पैसेसुद्धा मागितले नाहीत परत.

मी तेव्हा हसलो होतो. हो, हसलो, घाबरल्यावर हसूच येतं मला, लग्नातही हसत होतो. म्हटलं, नशीब मास्तरांचं, बाटली चांगली होती. असं म्हटलं आणि मग — बसा ना ताई. ते स्टूल घ्या. घाईत नाही ना तुम्ही? थोडं थांबा. तुम्ही गेलात की दुकानात मी आणि हा फोन, दोघंच.

बायको गेलीये डोंगरावर. चार दिवस झाले. हसू नका, बावन्न वर्षांची आहे, गुडघा दुखतो, आणि आयुष्यभर दुसऱ्यांचे तंबू शिवले, स्वतः एकदाच झोपली तंबूत, ते सांगितलं ना मघाशी, वीस वर्षांपूर्वी. ह्या वर्षी म्हणाली, मी जाणार. आठ बायका आहेत, सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या, पुढारी कोण तर आमच्या शेजारच्या नर्सबाई, आता निवृत्त झाल्यात, पण अजून सगळ्यांना इंजेक्शन देतायत अशाच आवाजात बोलतात. वर तळ्याकाठी मुक्काम. तर ही मला म्हणाली, स्टोव्ह दे. म्हटलं घे. ती कुठला घेते? हाच. हाच हिरवा, हा तुमच्या हातातला. उचलला, वाजवून बघितला, म्हणाली, 'हा भक्कम आहे, हा दे.' आणि मी काय म्हणालो असेन? सांगा बघू. मी म्हणालो, 'हा तू उचलणार, आणि तुला कोण उचलणार?' दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती हसली. मग मीही हसलो. तिने ठेवून दिला खाली. मी छोटा दिला तिला. गुडघ्यासाठीच दिला हो, काळजीनेच दिला, पण हसलो ते काही काळजीने नव्हतं.

मग पडद्यामागे नेली. हो, तिलाही. स्वतःच शिवलेल्या पडद्यामागे. पेटवून दाखवला, वाक्य टाकलं, तेच. तिने नीट बघितलं, ती सगळं नीट बघते, आणि विचारलं, 'एकदा बाहेर पायरीवर पेटवून बघू का? वर असा काळोख थोडाच असणार आहे.' ऐकलंत ना? तिने विचारलं. बारा वर्षांत एका गिऱ्हाइकाने विचारलं नाही ते तिने विचारलं. मी म्हटलं, 'बाहेर काय वेगळं जळणार आहे? जाळ तो जाळ. चल, लोक खोळंबलेत.' कोण खोळंबलं होतं? कोणी नाही. ऊन होतं बाहेर आणि मला उठायचा कंटाळा आला होता.

बाटली. हां, बाटलीचं सांगायचंय. स्प्रिंगच्या झाकणाची तिच्या सॅकमध्ये होती, मीच घातली होती. निघायच्या आदल्या संध्याकाळी एक गिऱ्हाईक आलं, त्याला तसलीच हवी, आणि शेल्फवरच्या संपलेल्या. मी तिच्या सॅकमधून काढली, पुसली, दिली त्याला. आणि तिचं स्पिरिट शॅम्पूच्या बाटलीत ओतलं. ती बघत होती. म्हणाली, 'चालेल का?' मी म्हणालो, 'न चालायला काय झालं.' मऊ प्लॅस्टिकची बाटली आहे ताई. मोठ्या तोंडाची. दाबली की भसकन येतं.

मास्तर गेल्यावर हे आठवलं. उभ्या उभ्या आठवलं. मग काय केलं ते विचारू नका, पडदा खाली कसा आला तेही नीट आठवत नाही मला.

फोन? लागत नाही तिथे. रोज अकराला त्या बायका टेकडीवर चढतात, तिथे रेंज येते, आणि नर्सबाई एक फोटो पाठवतात. तीन दिवस अकराला म्हणजे अकराला, त्यांचं काम इंजेक्शनसारखंच, वेळेवर. आज नाही आला. खाली एक चौकी आहे वनखात्याची, तिथे फोन आहे, तीनदा लावला. पहारेकरी म्हणतो, वर कोणी गेलं तर निरोप देतो. मी म्हटलं, तुम्हीच जा. तो म्हणतो, मला चौकी सोडता येत नाही. त्याचंही बरोबर आहे. मला दुकान सोडवत नाही आणि त्याला चौकी. दोनची बस आहे, मी जाऊ शकतो, कळतंय मला, तुम्ही तेच म्हणणार आहात. पण बसमध्ये बसलो आणि घाटात रेंज गेली आणि तेवढ्यात इकडे फोन आला तर? आणि नाही गेलो तर इथे बसून काय करू? भीती वाटतेय मला. सांगून टाकतो, उगाच दुकानदाराचा आव कशाला आणू. दहापासून भीती वाटतेय, आणि तुम्ही आलात तेव्हा मी तुम्हाला पत्रा वाजवून दाखवत होतो.

हा कालचा फोटो बघा. मोठा करून बघा. ही ती, पिवळी टोपीवाली. तळं मागे. ऊन बघा काय पडलंय, डोळे मिटलेत सगळ्यांचे. समोर तो स्टोव्ह. पेटलाय का सांगा? नाही ना सांगता येत? मलाही नाही. मी दहापासून शंभरदा बघितला, भिंग घेऊन बघितला. आणि तिच्या उजव्या हातात काय आहे बघा. बाटली. पांढरी. झाकण उघडं आहे. ती हसतेय कॅमेऱ्याकडे बघून, आणि हात — हात थोडा तिरका आहे की मला वाटतंय? तुम्ही तरुण आहात, तुमचे डोळे चांगले, सांगा. हा फोटो कालचा, म्हणजे याच्यानंतर काही झालं असतं तर फोटो आलाच नसता, असं मी स्वतःला सांगतोय. काल निभावलं. पण आज पण ऊन आहे ना. बघा बाहेर. ढगाचा पत्ता नाही.

आणि ती विसरणारी नाही. तेच वाईट आहे. दुसरी कोणी असती तर माझं बोलणं ह्या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं असतं. ही नाही. मला नावं ठेवते, पण मी मालाबद्दल सांगितलं की ते पक्कं धरून ठेवते, म्हणते, घरी तुला अक्कल नाही पण दुकानात तुला कळतं. असा विश्वास आहे तिचा.

काय करायचं ते शिकून घ्या तुम्ही तरी. हिरवा घेतलात तरी. वाळलेली गवताची काडी घ्यायची आणि बर्नरच्या वर धरायची, लांबून. काडी पेटली तर स्टोव्ह चालू आहे, मग तुमच्या डोळ्यांना काहीही दिसो. नाही पेटली तरी थांबायचं, पूर्ण गार होईपर्यंत थांबायचं, मगच ओतायचं. एवढंच होतं. एवढं एक वाक्य. पडद्यामागच्या वाक्यापेक्षा फार मोठं नाहीये ते. म्हणा बघू माझ्यासमोर एकदा. काडी धरायची — हां. लांबून. हां. आणि ऑफिसातल्या बाईंना सांगा, आजच सांगा, विसरू नका. बाकीच्यांना मी कुठे शोधू? मला तर नावंसुद्धा माहीत नाहीत त्यांची.

थांबा. वाजतोय.

चौकीचा नंबर आहे. पहारेकरी असेल. तुम्ही घेता का? नको, नको, द्या, मीच —

हॅलो. हो, दुकानातूनच. हो, मीच बोलतोय. नर्सबाई? बोला. हो, ऐकतोय. ... कधी? ... सकाळी. ... हो. ऊन होतं. ... कुठला हात? ... कुठला हात विचारतोय मी, उजवा? ... कुठपर्यंत? ... डोळे? डोळे ठीक आहेत ना? ... बरं. ... बरं. ... तिला द्या ना फोन. ... नको, झोपू द्या मग. झोपू द्या. ... गाडी किती वाजता पोचेल खाली, दवाखान्यात? ... येतो मी. तिथेच येतो. ... काय म्हणत होती? ... ... हो. 'निळं गेलं होतं.' ... नाही, भ्रमात नाही बोलत ती. मीच सांगितलं होतं तिला.

...

निघा ताई तुम्ही आता. दुकान बंद करतोय. नाही, तोही नाही, हिरवाही ठेवा खाली, आज काही देत नाही मी कुणाला. जा. — ताई, बाजूने. बाजूने जा. पडद्यावर पाय नका देऊ.